नीटला २९०, घरातली पहिलीच कॉलेजला निघालेली : रिपीट की नर्सिंग?

प्रश्न असा आला आहे : "माझी धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली. पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ६१ टक्के, नीटला २९०. नर्सिंगची सीईटीही दिली, कारण कॉलेजातल्या मॅडमनी फॉर्म भरायला लावला. आम्ही बीड जिल्ह्यातले, एनटी-डी म्हणजे भटक्या जमाती (ड) प्रवर्गातले. आई-वडील ऊसतोडीला जातात, मी पुण्यात टेम्पो चालवतो. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. कोणी म्हणतं एक वर्ष रिपीट करू द्या, डॉक्टर होईल. कोणी म्हणतं नर्सिंगला टाका. एक एजंट बेंगळुरूला डायरेक्ट अ‍ॅडमिशन देतो म्हणतोय. खर्च कसा भागवायचा? कॉलेज, विद्यापीठ काही मदत करतं का?"

दादा, सगळ्यात आधी त्या एजंटला फोन करून नाही म्हणा. कारण पुढे सांगते, पण त्याला टोकन म्हणून पाच-दहा हजार देऊन बसाल, त्याआधी हे काम उरका.

मी कोण ते थोडक्यात. सात वर्षं जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स होते, नंतर चोवीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. त्यातली शेवटची अकरा वर्षं शिष्यवृत्तीच्या फायली माझ्याच टेबलावर होत्या. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. मी कॉलेजला गेले तेव्हा 'बोनाफाईड' म्हणजे काय हे विचारायलाही घरात कोणी नव्हतं. म्हणून तुमचा प्रश्न वाचताना मला गुणांपेक्षा "घरात दहावीच्या पुढे कोणी नाही" हे वाक्यच जास्त दिसलं.

आता रिपीटचं. २९० हा आकडा सुटा घेऊ नका, तो फोडा. नीट ७२० गुणांची. त्यात बायोलॉजी ३६०, फिजिक्स १८०, केमिस्ट्री १८०. तिचे २९० कुठून आले? खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजच्या मुलींचं चित्र मला पाठ झालंय : बायोलॉजीत सव्वादोनशे, केमिस्ट्रीत पन्नास-साठ आणि फिजिक्समध्ये शून्याच्या आसपास, कधी उणेसुद्धा. कारण बुद्धी नसते असं नाही. वर्षभर फिजिक्सला शिक्षकच नसतो आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. तिचं असं असेल तर रिपीटला थोडा अर्थ आहे, कारण एक विषय दुरुस्त होऊ शकतो. पण तिन्ही विषय सारखेच अर्धवट असतील तर वर्षभरात सरकारी एमबीबीएसच्या जागेपर्यंत उडी बसत नाही. एनटी-डीचा कटऑफ काय असतो ते कोणाच्या तोंडून ऐकू नका. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षाच्या निवड याद्या असतात. त्यात तुमचा प्रवर्ग शोधा, शेवटच्या मुलीचे गुण बघा आणि त्यातून २९० वजा करा. जो फरक येईल तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून बहिणीसमोर ठेवा. तिला विचारा, हे कसं भरून काढशील? तिचं उत्तर विषयवार आलं तर विचार करा. "जास्त अभ्यास करीन" एवढंच आलं तर नको.

नीटला किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही, आणि आता वयाचीही वरची मर्यादा नाही. ऐकायला चांगलं वाटतं, पण सापळा तिथेच आहे. दार बंदच होत नाही, त्यामुळे माणूस उंबऱ्यातून हलत नाही. मी स्वतः एका मुलीला "अजून एकदा दे, तुझ्यात आहे" म्हणून तिसऱ्यांदा बसवलं. वीस गुण वाढले. ती परत नर्सिंगला आली तेव्हा तिच्या बरोबरीच्या मुली तिसऱ्या वर्षाला होत्या, आणि घरच्यांनी तोवर लग्नाचं काढलं होतं. माझा सल्ला चुकला. मुलीच्या वर्षाची किंमत मुलाच्या वर्षापेक्षा घरात वेगळी मोजली जाते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

रिपीट करायचंच ठरलं तर फुकटचा क्लास आधी शोधा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हा उपक्रम गरीब घरातल्या मुलांना नीटसाठी शिकवतो. मेळघाटातल्या आदिवासी मुलांसाठीही त्यांनी वर्ग चालवलेत. तुम्ही पुण्यातच आहात, जाऊन विचारा. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठीच्या महाज्योती या सरकारी संस्थेचं मोफत प्रशिक्षण, टॅब वगैरे मिळतं ते दहावी झाल्यावर अर्ज करणाऱ्यांना. घरात आणखी धाकटं कोणी असेल तर त्याच्यासाठी आत्ताच लक्षात ठेवा. लाख-दीड लाख कर्ज काढून लातूरला रिपीटर बॅचला बसवू नका. उचलीवर, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांवर चालणाऱ्या घरात ते कर्ज फिटायला दोन हंगाम जातात.

आणखी एक. "नर्सिंगला टाका" हा शब्दप्रयोग सोडा. आपल्याकडे मुलगी डॉक्टर 'होते' आणि नर्सिंगला 'टाकतात'. मुलगी हे ऐकत असते, आणि पहिलं वर्षभर आपण हरून इथे आलोय अशा चेहऱ्याने वॉर्डात उभी राहते.

वाटा कोणकोणत्या आहेत ते बघू. २९० गुण वाया गेलेले नाहीत. नीटच्या गुणांवर आयुर्वेद-होमिओपॅथीच्या बीएएमएस, बीएचएमएस तर आहेतच, पण आपल्या राज्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाक्-श्रवण आणि कृत्रिम अवयव या पदव्याही नीटच्याच यादीतून भरल्या जातात. एमबीबीएसचा पहिला गट, आयुर्वेद-होमिओपॅथीचा दुसरा, आणि फिजिओथेरपी वगैरेंचा हा तिसरा गट बहुतेक मुली भरतच नाहीत, कारण कोणी सांगितलेलं नसतं. तो भरा. फॉर्म भरला म्हणजे प्रवेश घ्यावाच लागतो असं नाही. फक्त खासगी कॉलेजची फी आणि गाव बघून ठरवा.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. त्याला पीसीबी आणि इंग्रजी लागतं, बहिणीचे टक्के पुरेसे आहेत. त्या मॅडमना पेढे द्या, कारण सीईटी दिलेली नसती तर ही वाट यंदा बंदच होती. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, त्याला कुठल्याही शाखेची बारावी चालते. एएनएम हा आरोग्यसेविकेचा कोर्स दोन वर्षांचा, आर्ट्‌सच्या मुलींसाठी तेही खरं दार आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी आरोग्यसेविका त्याच दारातून आल्या आणि उपकेंद्र एकटीने सांभाळतात. पण सायन्स झालेली आणि सीईटी दिलेली मुलगी "लवकर कमावती होईल" म्हणून एएनएमला घालणं मला पटत नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, पण नोकरी, लग्न, मूल यांत ती दोन वर्षं सापडता सापडत नाहीत. पदवी मिळतेय तर आत्ताच घ्या.

नर्सिंग नकोच म्हणाली तर आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकलचा पदवी अभ्यासक्रम आहे, बीपीएमटी. तीन वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. ऑपरेशन थिएटर, लॅब, रेडिओलॉजी अशा शाखा असतात. बी. फार्म. हवं तर एमएचटी-सीईटी लागते, ती दिली नसेल तर डी. फार्म. बारावीच्या गुणांवर मिळतं. गावोगावच्या फ्लेक्सवर मात्र विश्वास ठेवू नका. "एक वर्षात लॅब टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी" लिहिलेल्या कित्येक संस्थांना कुठल्याही परिषदेची मान्यता नसते. नर्सिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव आहे का ते बघायचं. नसेल तर शेवटी नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय त्या प्रमाणपत्राची किंमत कागदाएवढीच.

बेंगळुरूला नाही का म्हणाले ते आता सांगते. कर्नाटकात चांगली कॉलेजं आहेतच, प्रश्न तो नाही. तुम्हाला जी शुल्कमाफी मिळणार आहे ती महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त कॉलेजात कॅप राउंडने, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या प्रवेशाला मिळते. एजंटमार्फत बाहेर गेलात की ते छत्र गेलं. इथेही मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर तेच. कॉलेज तेच, बाक तेच, शिक्षक तेच, पण एका मुलीची फी सरकार भरतं आणि दुसरीचा बाप. एकाच वर्गात असे जोड बसलेले मी पाहिलेत. दुसऱ्या घराने कॅपची दुसरी फेरी संपेपर्यंत थांबायचा धीर धरला नव्हता, एवढाच फरक. एजंटचा सगळा धंदा त्या पंधरा दिवसांच्या भीतीवर चालतो.

आता पैसा. तुम्ही एनटी-डी असल्यामुळे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची योजना भटक्या-विमुक्तांसाठी आहेच. २०२४ साली ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शंभर टक्के माफीचा निर्णय झाला. तुमच्या नात्यात, शेजारात त्या प्रवर्गातल्या मुली असतील तर त्यांनाही सांगा. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर. पण 'फी माफ' याचा अर्थ नीट समजून घ्या. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं, बससाठी घेतात ते पैसे हे सगळं तुमच्याच खिशातून. पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये अशा शासनाच्या सूचना आहेत, तरी काही कॉलेजं "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" म्हणतात. वाद घालण्याआधी एवढंच म्हणा : "लिहून द्या." बहुतेकदा आवाज खाली येतो. भरावेच लागले तर पावतीवर कशाचे पैसे ते लिहून घ्या. नुसतं 'फी' नको.

राहण्याच्या खर्चासाठी दोन-तीन दारं आहेत. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची मुलींची वसतिगृहं जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू झालीत. तिथे नंबर लागला नाही तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. त्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याला ३८ हजार अशी रक्कम खात्यात येते. जिल्ह्यामागे ६०० मुलं-मुली घेतात, गुणांवर. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. अनुसूचित जातीच्या मुलांना अशीच स्वाधार आहे, आदिवासी मुलांना स्वयंम. तुम्हाला आणखी एक दार आहे : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं. त्यासाठी आई-वडिलांचं ऊसतोड कामगार म्हणून ग्रामसेवकाने दिलेलं ओळखपत्र हवं. काढलं नसेल तर आधी ते काढा. आपली माणसं तीस-तीस वर्षं कोयता चालवतात आणि त्याचा एक कागद घरात नसतो.

हे सगळं वाचून वाटेल, एवढ्या योजना आहेत तर अडचण काय? अडचण ही की पैसा मिळतो, पण उशिरा मिळतो. प्रवेश पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या तोंडावर होतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, कॉलेजच्या टेबलावर छाननी, मग जिल्ह्याच्या कार्यालयात, मग बिल. पहिला हप्ता कधीकधी पुढच्या वर्षी येतो. मेस मात्र दर महिन्याला. माझ्या अनुभवात घरातल्या पहिल्या मुली गळतात त्या नापास होऊन नाही, तर पहिल्या वर्षाच्या डिसेंबर-जानेवारीत. मेसचे दोन महिने थकलेले, वडील कुठल्यातरी फडावर, फोन लागत नाही. मुलगी "आजी आजारी आहे" सांगून गावी जाते आणि परत येत नाही. पुढे कळतं, आजी ठणठणीत होती.

म्हणून मी प्रत्येक घराला एकच गणित सांगायचे. माफी, शिष्यवृत्ती, आधार सगळं मिळणार हे खरं धरा, पण त्यातला एक रुपयाही पहिले दहा महिने येणार नाही असं समजून तेवढ्याची सोय आधी करा. आमच्याकडे तालुक्याच्या गावात मेस महिन्याला साडेतीन-चार हजार, शहरात जास्त. युनिफॉर्मचे दोन जोड, पांढरे बूट, सेकंदकाट्याचं घड्याळ, स्टेथोस्कोप, नोंदवह्या. पुस्तकं सगळी नवी घ्यायची नाहीत, सीनियरकडून घ्यायची. दर महिन्याचा आकडा काढा, दहाने गुणा, आणि तुमच्या टेम्पोच्या कमाईतून व आई-वडिलांच्या उचलीतून तेवढा हिस्सा आधीच बाजूला ठेवा. कमी पडत असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज बघा. चार लाखांपर्यंत तारण-जामीन लागत नाही, आणि शिकेपर्यंतच्या व्याजासाठी सवलत असते. सावकार आणि मुकादम यांच्यापेक्षा बँक कधीही बरी, पण तिथेही कॅपचं प्रवेशपत्र असेल तर काम सोपं होतं.

कागदांवर जरा थांबते, कारण खरी लढाई तिथेच आहे. माझ्याकडे एक मुलगी साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आली होती. आधारवर 'सुलेखा', शाळेच्या दाखल्यावर 'सुरेखा', बँकेत 'सुरेखाबाई'. तीन नावांची एक मुलगी. महाडीबीटीला तिघीही ओळखता येत नव्हत्या. दुरुस्तीत तिचं एक वर्ष गेलं. तुम्ही आज रात्रीच बहिणीचे दाखले, आधार आणि पासबुक शेजारी-शेजारी ठेवा आणि अक्षरन् अक्षर जुळवा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारा. खातं असणं वेगळं, आधारला जोडलेलं असणं वेगळं. सरकारकडून थेट येणारे डीबीटीचे पैसे जोडलेल्या खात्यातच पडतात.

जातीचा दाखला तुमच्याकडे असेल, पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, आहे का? राखीव जागेला ती लागतेच. काही वर्षी शासन मुदत वाढवून देतं, त्यावर विसंबू नका. व्हीजेएनटीसाठी, म्हणजे भटक्या-विमुक्तांसाठी, २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा पुरावा मागतात. आता आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेचा दाखला कुठून आणणार? मग तहसीलमध्ये गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंद, कोतवाल बुक शोधायचं. भावकीत वडिलांच्या बाजूच्या कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर वंशावळीसह ती जोडा, अर्धं काम झालं. चुलत चुलत्याशी बांधावरून भांडण असेल तर या वर्षापुरतं मिटवा.

नॉन-क्रीमीलेयर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला हे सेतूत मिळतात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते हे ध्यानात ठेवा. सगळ्यांच्या दहा-दहा झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा, कारण प्रवेश झाला की मूळ कागद कॉलेजच्या कपाटात जातात.

आणि तुमच्या घरासाठी खास : हे सगळं दसऱ्याच्या आत. आई-वडील एकदा फडावर गेले की वडिलांच्या सहीला आणि अंगठ्याला सहा महिने थांबायचं. ओटीपी वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, तो मोबाइल असतो कर्नाटकातल्या उसात, चार्जिंग असतं कारखान्याच्या गेटवरच्या टपरीत. हे मी रंगवून सांगत नाही. आमच्या ऑफिसात एका मुलीने दहा मिनिटांचा ओटीपी मिळवायला चार दिवस फोन केले होते. बहिणीच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडा, आणि वडिलांचं सिम शक्य असेल तर घरी आजीजवळ ठेवून त्यांना दुसरं द्या.

कॉलेज आणि विद्यापीठ काय करतं? नर्सिंगपासून एमबीबीएसपर्यंतच्या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. १९९८ साली ते स्थापन झालं. त्याच्या विद्यार्थी कल्याण विभागाच्या कमवा व शिका, सावित्रीबाई फुले विद्याधन, बुक बँक अशा योजना आहेत. रकमा मोठ्या नसतात, पण अर्जही फार येत नाहीत. कारण परिपत्रक येतं, प्राचार्यांच्या सहीने फाइलला लागतं आणि नोटीस बोर्डावर पोचेपर्यंत तारीख गेलेली असते. बहिणीला सांगा, पहिल्या महिन्यातच कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्याचं नाव शोध आणि दर महिन्याच्या एक तारखेला जाऊन "मॅडम, काही आलंय का?" एवढंच विचार. चौथ्या वेळी मॅडम स्वतःहून बोलावतील. मी बोलवायचे.

मेंटॉर-मेंटी नावाचाही एक प्रकार असतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी प्रत्येक कॉलेज वीस-वीस मुलींना एक शिक्षक नेमून देतं. खरं सांगते, बऱ्याच ठिकाणी त्या रजिस्टरवर वर्षाच्या शेवटी एका दुपारी सगळ्या सह्या होतात. पण नेमणूक कागदावर असली तरी ती तुमच्या कामाची आहे. त्या शिक्षिकेकडे जायला तुमच्या बहिणीला आता कारण लागत नाही.

आपल्याकडे शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह काढलं, भाऊरावांनी कमवा व शिका रुजवलं, पुण्याच्या विद्यार्थी साहाय्यक समितीने १९५५ पासून खेड्यातल्या मुलांना डोक्यावर छप्पर दिलं. राहायची-जेवायची सोय केली की गरीबाचं मूल शिकतं हे आपल्याला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे. पण आपल्या योजना जात बघतात, उत्पन्न बघतात, जमीन बघतात. घरात आधी कोणी कॉलेजात गेलं होतं का, हे बहुतेक योजनांत कुठेच मोजलं जात नाही. अमेरिकेत साठच्या दशकात सुरू झालेल्या 'ट्रायो' कार्यक्रमांत आई-वडिलांकडे पदवी नसणं हाही एक निकष आहे, आणि त्या मुलांना पैशाशिवाय एक सल्लागार माणूस मिळतो. इथे तो माणूस तुम्हालाच शोधावा लागतो. सीनियर मुलगी, शिष्यवृत्तीचा क्लार्क, होस्टेलची रेक्टर, तुमच्याच तालुक्यातून आधी आलेली कोणी. क्लार्कशी नीट बोला. त्याच्या लॉगिनला अर्ज अडकून राहतात, आणि "सर, माझा अर्ज कुठे आहे?" हे दर आठवड्याला विचारणाऱ्या मुलीचा अर्ज आधी पुढे जातो. न्याय्य नाही, पण असंच आहे.

अभ्यासाबद्दल एवढंच सांगते. सगळं इंग्रजीत, पास व्हायला पन्नास टक्के, आणि पहिल्याच सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी. मराठी माध्यमाच्या मुली तिथे गार होतात. एका मुलीने वही दोन भागांत केली होती : डावीकडे देवनागरीत 'ह्यूमरस', 'स्कॅप्युला', खाली मराठीत 'दंडाचं हाड', 'खांद्याचं पातं', आणि उजवीकडे तेच इंग्रजीत दहा-दहा वेळा स्पेलिंग. वर्गात हसल्या तिला. सेमिस्टरला ती पास झाली, हसणाऱ्या तिघी राहिल्या. ती वही मी पुढे सात-आठ वर्षं नव्या मुलींना दाखवत होते. वॉर्डात तर तुमची बहीण पुढेच असेल. पेशंटच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं, बाई घाबरलीय का लाजतेय, हे तिला शिकवावं लागणार नाही. पहिल्या ड्रेसिंगला चक्कर आली तर घाबरू नये, मलाही आली होती. मन फारच खचलं तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुढच्या नोकरीचं आत्ताच फार डोक्यात घेऊ नका, पण विचाराल म्हणून : जिल्हा परिषद, वैद्यकीय शिक्षण विभाग, राष्ट्रीय आरोग्य अभियान इथल्या भरत्या असतात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या जागा असतात. एम्सच्या नर्स भरतीच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते, जीएनएमवालीला पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पदवी आत्ताच घ्या म्हणाले ते याचसाठीही. पुढे एमएस्सी आहे, क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आहे, मुंबईच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. जर्मनीचं स्वप्न दाखवणारे येतील. आधी नोंदणी आणि दोन वर्षं वॉर्ड, मग भाषा, मग बघू.

माझं मत विचाराल तर : नीटचा तिसरा गट भरा, नर्सिंगच्या कॅपमध्ये आधी सगळी सरकारी कॉलेजं आणि मग फी-माफीत बसणारी खासगी असा क्रम लावा, आणि बीएस्सी मिळालं तर घ्या. पहिल्या वर्षी नर्सिंग करत नीट पुन्हा देते म्हणाली तर देऊ दे, पण सकाळी सहाची पोस्टिंग आणि रात्रीचं फिजिक्स एकत्र चालत नाही हे तिचं तिलाच दिवाळीपर्यंत कळेल.

प्राधान्यक्रम भरताना तिला शेजारी बसवा. नेट कॅफेवाल्याला स्वतःच्या नंबरवरून तिचं खातं उघडू देऊ नका. त्याने दुकान बंद केलं की पुढच्या वर्षी नूतनीकरणाला पासवर्ड मिळत नाही, असे अर्ज माझ्या टेबलावर दरवर्षी यायचे. सीईटी सेल, महाडीबीटी आणि बँक, तिन्हीचे पासवर्ड तिच्या वहीत, तिच्या अक्षरात.